ओलं आहे तोवर

रक्ताच्या रिपोर्टात ‘सीरम क्रिएटिनिन’ अशी एक ओळ असते. मूत्रपिंडं आपलं काम करतायत की नाही, ते ही ओळ सांगते. आकडा एकच्या आसपास आला तर घरातली मंडळी रिपोर्ट घडी घालून फाइलीत ठेवतात. दोनच्या वर गेला तर तोच कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांचा नंबर लावला जातो. हा आकडा काढून देणाऱ्याचं नाव मात्र रिपोर्टवर कुठंही नसतं. माक्स याफे या शास्त्रज्ञानं १८८६ साली क्योनिग्सबर्गमध्ये नोंदवून ठेवलं, की पिक्रिक अॅसिड आणि अल्कलीच्या मिश्रणात क्रिएटिनिन आलं की पिवळा रंग नारिंगी-लाल होत जातो. क्रिएटिनिन जितकं जास्त, तितका रंग गडद. तो गडदपणा यंत्रानं मोजला, की झाला आकडा तयार. आता एन्झाइमवर चालणाऱ्या महागड्या चाचण्या आल्या आहेत. याफेच्या पद्धतीत रक्तातली साखर, कीटोन अशी भलतीच मंडळी लुडबुड करतात, हेही लॅबवाल्यांना पाठ आहे. तरी किटमधली ती पिवळी बाटली अजून हटलेली नाही. स्वस्त आहे आणि दिवसाला शंभर नमुने आले तरी कुरकुरत नाही.

ही पिक्रिक अॅसिडची घरंदाज ओळख. दुसरी तोफगोळ्यातली. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये पाण्याखेरीज फारसं काही उभं नाही.

दिसायला पिक्रिक देखणं. फिकट लिंबाच्या रंगाचे चकचकीत स्फटिक, वास जवळजवळ नाहीच. पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड. वितळायला १२२ अंश लागतात. पाण्यात फार विरघळत नाही, शंभर मिलीलिटरमध्ये जेमतेम सव्वा ग्रॅम. पण तेवढ्यानं अख्खं चंचुपात्र पिवळंधमक होतं. आणि चव कडू, जहर कडू. जुन्या काळी रसायनशास्त्रज्ञांना हाती आलेली प्रत्येक गोष्ट जिभेला लावून बघायची खोड होती, त्यामुळे ही माहिती आपल्याला फुकटात मिळाली आहे. ती पुन्हा तपासायची काही गरज नाही, कारण पिक्रिक विषारीही आहे.

स्वभाव समजून घ्यायचा तर घराणं बघावं लागतं. मूळ पुरुष फिनॉल, म्हणजे जुन्या लाल कार्बोलिक साबणाला ज्याचा वास यायचा तो. सहा कार्बनचं कडं, त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. याच कड्यावर तीन नायट्रो गट येऊन बसले, की फिनॉलचं ट्रायनायट्रोफिनॉल होतं, तेच पिक्रिक. हे तीन पाहुणे आले आणि घरातलं सगळं बदललं. एक तर ते येताना आपला ऑक्सिजन घेऊन आले, त्यामुळे या पदार्थाला जळायला बाहेरच्या हवेची वाट बघावी लागत नाही. दुसरं म्हणजे तिघं मिळून कड्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे ऑक्सिजनला चिकटलेला तो हायड्रोजन सैल पडतो आणि सहज सुटतो. फिनॉल अगदी मवाळ आम्ल होतं; पिक्रिक चांगलंच तिखट निघालं.

पहिल्या गोष्टीमुळे ते स्फोटक आहे. दुसरीमुळे ते जास्त धोक्याचं आहे, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोरडं शुद्ध पिक्रिक लोक समजतात तितकं हळवं नसतं. घर्षण, धक्का, ठिणगी यांना ते टीएनटीपेक्षा थोडं लवकर दाद देतं, इतकंच. थोडंसं उघड्यावर पेटलं तर काळा धूर ओकत जळूनही जातं. पण आम्ल असल्यामुळे त्याला धातूंशी सलगी करायची सवय आहे. शिसं, तांबं, लोखंड, जस्त, निकेल, कुणीही चालतं. या सलगीतून जे क्षार जन्मतात त्यांना पिक्रेट म्हणतात, आणि ही पोरं बापापेक्षा कितीतरी तापट. शिशाचं पिक्रेट तर नुसत्या घासण्यानंही बिथरतं. एवढंच काय, सिमेंटच्या फरशीवर पिक्रिक सांडून राहिलं तर चुन्यातल्या कॅल्शियमशीही ते संधान बांधतं. त्यामुळे ज्या घरात पिक्रिक राहतं तिथं धातूचं झाकण, धातूचा चमचा, शिशाचा किंवा तांब्याचा नळ, सगळ्यांवर बंदी. बेसिनमध्ये ओतून मोकळं होणं तर नाहीच नाही.

एकदा खरंच भडकलं, की मग वेग विचारू नका. दाबून भरलेल्या पिक्रिकमधून स्फोटाची लाट सेकंदाला सात किलोमीटरच्या वर धावते. चर्चगेटहून निघालेली असती तर सेकंद पुरा व्हायच्या आत मुंबई सेंट्रल मागे पडलं असतं.

या सगळ्यावर उतारा म्हणजे पाणी. वजनाच्या निदान तीस टक्के पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं ठेवलं, की स्वारी शांत. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत याची मोठी मजेशीर नोंद आहे. तीस टक्के किंवा जास्त पाणी असलेलं पिक्रिक यूएन १३४४ क्रमांकाखाली येतं, वर्ग ‘ज्वालाग्राही घन पदार्थ’. पाणी त्याहून कमी झालं की क्रमांक यूएन ०१५४ आणि वर्ग थेट ‘स्फोटक’, टीएनटीच्या पंगतीला. डबा तोच, मालक तोच. मधल्या काळात झाकण थोडं सैल राहिलं, एवढंच.

खरं तर याचा जन्म रंगाऱ्यांच्या कामाचा. १७७१ साली लंडनमध्ये पीटर वुल्फनं निळीवर नायट्रिक अॅसिडचा प्रयोग केला आणि हाती आलेल्या द्रावणानं रेशीम पिवळं होतं असं त्याला दिसलं. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ल्योंच्या रंगाऱ्यांनी ते रेशमासाठी वापरायला घेतलं. रेशीम आणि लोकर त्याचा रंग चटकन धरतात, सुती कापड धरत नाही. रंग पक्का नव्हता, धुण्यात उतरायचा. पण झळाळी अशी की गिऱ्हाइकाची तक्रार नसे. पहिल्या कृत्रिम रंगाचा मान विल्यम पर्किनच्या १८५६च्या जांभळ्या रंगाला मिळतो. त्याच्याआधीच पिक्रिकचं पिवळं रेशीम बाजारात आलेलं होतं, पण मान मिळवायला बाजारात नुसतं आधी येऊन भागत नाही.

बरीच वर्षं हा माणसांत मिसळलेला रंग होता. १८७०च्या दशकात हर्मन श्प्रेंगेल यांनी दाखवलं, की योग्य डिटोनेटर लावला तर हाच पदार्थ मोठा स्फोट करतो. रंगाच्या कारखान्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचली की नाही कोण जाणे. २२ जून १८८७ रोजी मँचेस्टरमध्ये कॉर्नब्रुकच्या रॉबर्ट्स, डेल आणि कंपनीच्या रासायनिक कारखान्याला आग लागली. आगीत पिक्रिक वितळलं आणि वाहत जाऊन लिथार्जवर पडलं. लिथार्ज म्हणजे शिशाचं ऑक्साइड, रंगाच्या धंद्यात नेहमी लागणारं. दोघांची गाठ पडली, शिशाचं पिक्रेट तयार झालं, त्याचा स्फोट झाला आणि त्यानं बाकीच्या साठ्याला उठवलं. त्या कारखान्यात दारूगोळा बनत नव्हता. दोन निरुपद्रवी वाटणारे डबे एका छपराखाली होते, एवढंच निमित्त पुरलं.

तोवर फौजेनं याला हेरलेलं होतं. फ्रान्समध्ये यूजेन त्युर्पां यानं १८८५ साली पिक्रिक तोफगोळ्यात भरायची युक्ती पेटंट केली आणि फ्रेंच सैन्यानं ‘मेलिनाइट’ या नावानं ते स्वीकारलं. त्युर्पां हे स्वतः एक स्वतंत्र शब्दचित्र आहे. गुपित परदेशी विकल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला, माफी मिळून सुटला, आणि मग ज्यूल व्हर्नच्या एका कादंबरीतला माथेफिरू संशोधक म्हणजे मीच, अशी तक्रार घेऊन व्हर्नवर खटला भरला. व्हर्नच्या बाजूनं वकील होते रेमाँ प्वाँकारे, पुढं फ्रान्सचे अध्यक्ष झालेले. खटला त्युर्पां हरला.

ब्रिटिशांनी केंट परगण्यातल्या लिड गावाजवळ चाचण्या घेतल्या म्हणून त्यांच्याकडे पिक्रिकचं नाव पडलं ‘लिडाइट’. जपानमध्ये शिमोसे मासाचिका या अभियंत्यानं तयार केलं म्हणून ‘शिमोसे’. प्रत्येक देशानं नवं नाव दिलं आणि प्रत्येकाला वाटलं आपल्याकडे काहीतरी खास आहे. शिमोसेनं एक हुशारी केली. लोखंडाशी याची सलगी होऊ नये म्हणून गोळ्याच्या आतून जपानी लाखेचा थर दिला. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात रशियाचं आरमार बुडालं, त्यात या गोळ्यांचा वाटा मोठा होता. पण त्याच युद्धात काही गोळे जपानी तोफांच्या नळीतच फुटले. ब्रिटिशांनीही गोळ्यांना आतून शिसं नसलेलं वॉर्निश लावलं. तरी १९१६ साली जटलंडच्या लढाईत त्यांचे चिलखतभेदी गोळे जर्मन पत्र्याला टेकताच, आत शिरायच्या आधीच, फुटत राहिले. पिक्रिकला वाट बघायचं शिकवणं कुणालाच जमलं नाही.

जर्मनांनी १९०२पासूनच टीएनटीकडे मोहरा वळवला होता. टीएनटी नात्यानं चुलतभाऊच. तेच कडं, तेच तीन नायट्रो गट, पण ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जागी एक साधा मिथाइल गट. आम्लपणा नाही, धातूंशी लगट नाही. ८० अंशांना वितळतं, म्हणजे वाफेवर वितळवून ओतता येतं. ताकदीला पिक्रिकहून किंचित कमी, पण फौजेला शूर माणसापेक्षा ऐकणारा माणूस जास्त आवडतो.

तरी पहिल्या महायुद्धात गोळ्यांची भूक एवढी होती की दोघांनाही काम मिळालं. ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रॅडफर्डजवळ लो मूरचा पिक्रिकचा कारखाना उडाला. सुमारे ४० माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले जवान होते. सव्वा वर्षानंतर हॅलिफॅक्स.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर. ६ डिसेंबर १९१७च्या सकाळी ‘माँ-ब्लाँ’ हे फ्रेंच मालवाहू जहाज बंदरात शिरत होतं. न्यूयॉर्कमध्ये भरलेला माल बोर्दोला जायचा होता: ओलं-कोरडं मिळून सुमारे २,३०० टन पिक्रिक अॅसिड, २०० टन टीएनटी, थोडा गनकॉटन, आणि डेकवर बेंझोलची पिंपं. माल भरणाऱ्यांनी काळजी घेतली होती. ठिणगी पडू नये म्हणून तळघरांना लाकडाचं अस्तर लावलं होतं आणि ते तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलं होतं. लोखंडाच्या ठिणगीची धास्ती बरोबरच. पण पिक्रिकला शेजारी म्हणून तांबं द्यावं, याला काय म्हणावं? अर्थात त्या दिवशी दोष खिळ्यांचा नव्हता. अरुंद खाडीत नॉर्वेच्या ‘इमो’ जहाजाशी टक्कर झाली, पिंपं फुटली, बेंझोल खाली झिरपलं, जहाजं वेगळी होताना पत्र्यावर पत्रा घासला आणि ठिणग्या उडाल्या.

आग दिसायला सुंदर होती, असं त्या दिवसाच्या हकिकतींत पुन्हा पुन्हा येतं. खलाशी होड्यांत उडी टाकून समोरच्या किनाऱ्याकडे वल्हवत निघाले, ओरडून सांगत होते, पण फ्रेंचमध्ये. पेटतं जहाज वाहत वाहत शहराच्या धक्क्याला येऊन लागलं. मुलं शाळेच्या वाटेवर थांबली, बायका खिडकीशी आल्या, कामगार छपरावर चढले. ‘पॅट्रिशिया’ नावाचा, शहराला मोठा अभिमान असलेला मोटार-बंब धक्क्यावर येऊन पोहोचला. रेल्वेच्या तारघरातल्या व्हिन्स कोलमनला जहाजात काय आहे हे कळलं होतं. बाहेर पळालेला हा माणूस येणाऱ्या गाड्या थांबवायला तारयंत्राकडे परत फिरला. नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटलं.

कोलमन गेला. बंबावरचे जवान गेले, त्या दिवशी शहराच्या अग्निशमन दलानं नऊ माणसं गमावली. एकूण मृत सुमारे १,८००, जखमी ९,०००च्या आसपास. अर्धा टन वजनाचा नांगराचा दांडा साडेतीन किलोमीटरहून दूर जाऊन पडला, तो आजही तिथं बघायला मिळतो. बंदरातलं पाणी लाट होऊन चढलं आणि पलीकडच्या काठावरची मिकमाक आदिवासींची वस्ती धुऊन गेली. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आलं. आणि ज्या खिडक्यांतून लोक आग बघत होते त्या सगळ्या काचा त्यांच्या तोंडावर आल्या: डोळ्यांच्या दुखापती सुमारे ५,९००, त्यांतले ४१ जण कायमचे आंधळे. मुंबईकराला यावर वेगळं काही सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडालं तेव्हाही आधी आगच लागली होती, बंब आधीच पोहोचले होते, आणि आज १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो तिथं गेलेल्या जवानांच्याच आठवणीत.

युद्धातली पिक्रिकची दुसरी निशाणी म्हणजे पिवळी माणसं. कारखान्यातल्या कामगारांचे हात, चेहरे, केस पिवळे पडायचे. रंगारी मूळचा, कातडी म्हणजे त्याला रेशमासारखीच. फ्रान्समध्ये काही जवानांनी याचा भलता उपयोग शोधला. पिक्रिक पोटात घ्यायचं, कातडी आणि डोळे पिवळे करून घ्यायचे, आणि कावीळ झाली म्हणून आघाडीवर जायचं टाळायचं. पुढं पुढं डॉक्टर कावीळ बघितली की लघवीत पिक्रिक शोधायला लागले. खंदकात मरण्यापेक्षा तोफगोळ्यातला माल चाटणं ज्याला बरं वाटलं असेल, त्याला मी तरी भित्रा म्हणणार नाही.

याच काळात दवाखान्यात भाजलेल्या जखमांवर पिक्रिकच्या द्रावणात भिजवलेलं गॉझ बांधत. पुढं ते मागे पडलं. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर मात्र ते टिकलं. बूअँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९७मध्ये पिक्रिक, फॉर्मॅलिन आणि अॅसेटिक अॅसिड एकत्र करून ऊतींचे तुकडे जपायचं द्रावण तयार केलं, ते बायॉप्सीच्या काही नमुन्यांसाठी अजून वापरात आहे. लघवीतलं अल्ब्युमिन मोजायची एस्बाखची नळीसुद्धा याच्याच भरवशावर चालायची.

आणि आमच्यासारख्यांची गाठ पडली ती बी.एस्सी.च्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला. दिलेला पदार्थ नॅप्थॅलीन आहे हे नाक केव्हाच सांगून मोकळं झालेलं असे, कपाटातली डांबरगोळी कुणाला ओळखू येत नाही? पण नाकाची साक्ष जर्नलात चालत नाही, डेरिव्हेटिव्ह करून दाखवावं लागतं. मग अल्कोहोलमधल्या पिक्रिकच्या द्रावणात नॅप्थॅलीनचं द्रावण मिसळायचं आणि थंड होऊ द्यायचं. थोड्या वेळानं परीक्षानळीच्या कडेला एक पिवळी सुई दिसते, मग दुसरी, आणि बघता बघता नळी सोनेरी काड्यांनी भरून जाते. गाळून, सुकवून, केशनळीत भरून तापवलं की दीडशे अंशांच्या आसपास वितळतं. सर मान डोलावतात आणि सही मिळते. घरी गेल्यावर आई विचारते, हळद कधीपासून कुटायला लागलास? बोटं साबणानं निघत नाहीत. नखांचा पिवळा तर नख वाढून कापलं जाईपर्यंत सोबत राहतो.

प्रॅक्टिकलचा अभ्यासक्रम बदलतो, सर निवृत्त होतात, आणि मागच्या कपाटातली बाटली कुणाच्या ध्यानात राहत नाही. खरी भीती इथं आहे. झाकणाच्या आट्यांमध्ये आधीच थोडं द्रावण गेलेलं असतं, ते सुकतं, बारीक स्फटिक धरतात. बाटलीतलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू उडतं. मग एक दिवस कुणीतरी साफसफाई काढतं आणि झाकण फिरवायला जातं. त्या एका पिळण्यात घर्षण आलंच, आणि झाकण धातूचं असेल तर पिक्रेटही आधीच तयार होऊन बसलेलं.

याचं नातलग डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन, आपल्याकडे बारावीच्या मुलांनाही अल्डिहाइड-कीटोन ओळखायला मिळतं. तेही कोरडं पडलं तर असंच बिघडतं. २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळांनी आपापली कपाटं तपासली, आणि ठिकठिकाणी बॉम्बनाशक पथकं येऊन त्या बाटल्या मैदानात नेऊन नष्ट करत होती. मुलांना अर्थातच तो दिवस फार आवडला असणार.

तर अशी बाटली दिसली तर बघायचं ते काचेतूनच. आत ओल्या वाळूसारखा लगदा दिसतोय की कोरडी पूड, झाकणाच्या काठाला पिवळा कंगोरा धरलाय का. कोरडं वाटलं तर हलवायचं नाही, उघडायचं नाही, वरून पाणीही ओतायचं नाही. खोली रिकामी करायची, दाराला कुलूप लावायचं, विभागप्रमुखांना सांगायचं आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवायचं. हसं होईल अशी भीती वाटते, पण त्या पथकाला याचं हसू येत नाही.

ठेवायचंच असेल तर त्याची बडदास्त सोपी आहे. लागेल तेवढंच, छोटी बाटली. झाकण प्लास्टिकचं. लेबलावर आणल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख. आतलं घ्यायला लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा, आणि घेऊन झालं की आटे ओल्या फडक्यानं पुसायचे. ठरावीक महिन्यांनी बाटली काट्यावर ठेवायची. वजन उतरलं असेल तर तेवढं पाणी घालायचं आणि रजिस्टरात सही करायची. त्याहून बरं म्हणजे तयार द्रावणच मागवावं, आता बहुतेक लॅब तेच करतात. स्टोअरकीपर बदलला की चार्ज देताना बाकीच्या बाटल्या मोजून दिल्या तरी चालतं, ही एक मात्र तोलूनच द्यावी लागते.